‘ओव्हर’ म्हणणारं कुणी हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. आपल्या जिल्ह्याच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या बेसबॉल संघाला नवे मॅनेजर मिळाले, एवढीच. आमच्या घरात ती तीन वेळा वाचली गेली. त्याचं कात्रण मी काढून ठेवलं आहे. त्या बातमीवरूनच हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, पण कृपा करून काटछाट न करता छापा. नव्या मॅनेजर सरांची माझी ओळख नाही. तुमचं वर्तमानपत्र मात्र त्यांच्या घरी येत असणार.

माझं वय एकाहत्तर. मी सांगलीच्या गावभागात राहते. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात तीस वर्षं हिशोब लिहिले. सौदे निघाले की पोत्यांची मोजणी, तोलाई, हमाली, पट्टी हे सगळं माझ्या हातचं. असल्या बाईला बेसबॉलचं काय कळतं, असं कुणालाही वाटेल, म्हणून आधी ते सांगते.

2003 साली लेकीच्या बाळंतपणासाठी बॉस्टनला गेले होते. पाच महिने राहिले. बाळ रात्री झोपायचं नाही, म्हणून त्याला मांडीवर घेऊन मी टीव्हीसमोर बसायची. जावई बेसबॉलचे वेडे. ऑक्टोबर महिना होता, आणि त्यांचा बॉस्टन रेड सॉक्सचा संघ न्यूयॉर्क यँकीजशी सातवा, शेवटचा सामना खेळत होता. जिंकणारा वर्ल्ड सिरीजला, म्हणजे तिथल्या अंतिम विजेतेपदाच्या मालिकेला जाणार. बॉस्टननं 1918 पासून वर्ल्ड सिरीज जिंकलेली नव्हती, म्हणजे त्या गावातल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा ती पाहिली नव्हती. आठव्या डावात बॉस्टन 5-2 नं पुढं होतं आणि पेड्रो मार्टिनेझ नावाचा त्यांचा पिचर चेंडू टाकत होता. पेड्रो म्हणजे त्या काळातला एक नंबरचा पिचर. पण त्याचे शंभरावर चेंडू टाकून झाले होते. मला खेळ कळत नव्हता, तरी माणूस दमलाय हे कळत होतं. यार्डात संध्याकाळी शेवटची पोती उचलताना हमालांचे खांदे कसे होतात, ते मी रोज बघितलं होतं. त्याचे खांदे तसे दिसत होते.

यँकीजनी एक धाव काढली. 5-3 झाले. तेव्हा बॉस्टनचा मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानात चालत आला. मी जावयांना विचारलं, हा कोण आणि हा मधेच का आला? ते म्हणाले, मॅनेजर आहे, आता पिचर बदलणार. पण मॅनेजरनं पेड्रोला काहीतरी विचारलं, पेड्रोनं मान हलवली, आणि मॅनेजर त्याची पाठ थोपटून परत गेला. पिचर तोच राहिला. पुढच्या दोन फटक्यांत दोन धावा गेल्या आणि 5-5 झाले. अकराव्या डावात यँकीजच्या आरोन बूननं होम रन मारला, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडं घालवला, आणि सामना संपला. घड्याळात मध्यरात्र उलटून गेली होती. जावई जमिनीवर बसून रडले. पेड्रोनं त्या रात्री 123 चेंडू टाकले होते. त्या मॅनेजरला पुढं संघानं ठेवलं नाही.

माझ्या मनात मात्र एकच गोष्ट राहिली. दमलेल्या माणसाला ‘दमलास का’ असं विचारलं तर तो ‘नाही’च म्हणणार. चांगला असेल तर हमखास ‘नाही’ म्हणणार.

पुढच्या वर्षी बॉस्टननं नवा मॅनेजर आणला, टेरी फ्रँकोना. त्याच यँकीजकडून लागोपाठ तीन सामने हरून संघ पार बाहेर फेकला जाणार अशी वेळ आली, आणि तिथून त्यांनी ओळीनं चार जिंकले. मग वर्ल्ड सिरीजही जिंकली. शहाऐंशी वर्षांनी. तेव्हा मी सांगलीत परत आले होते. जावयांनी सकाळी फोन केला आणि फोनवर नुसता गलका ऐकवला. त्या दिवसापासून मी हा खेळ सोडलेला नाही. आता नातू मोबाईलवर लावून देतो. पहाटे साडेपाचला चहा ठेवते आणि बघते.

आता आपल्या संघाकडं येते.

ज्यांना हा खेळ माहीत नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. आपण सगळे क्रिकेटच्या डोळ्यांनी बघतो, आणि ते साहजिक आहे. विजय हजारे या सांगलीत जन्मले, स्मृती मानधना इथं माधवनगरला वाढली. क्रिकेटमध्ये बॉलरनं सहा चेंडू टाकले की पंच ‘ओव्हर’ म्हणतो. मग बॉलर किती का तयारीत असेना, चेंडू दुसऱ्याकडं जातो. त्याला बाउंड्रीवर उभं राहून श्वास घेता येतो. बेसबॉलमध्ये ‘ओव्हर’ म्हणणारं कुणी नाही. साठ फूट सहा इंचांवरून एकच पिचर टाकत राहतो. डाव संपला की थोडं बसतो आणि पुन्हा येऊन टाकतो, सामना संपेपर्यंत. त्याला थांबवणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे मॅनेजर. म्हणून अमेरिकेत मॅनेजरही खेळाडूंसारखाच गणवेश घालून बसतो, आणि मैदानात चालत जाऊन पिचरच्या हातातून चेंडू स्वतःच्या हातात घेतो. तिथं तर नियमच आहे की एका डावात त्याच पिचरकडं दुसऱ्यांदा गेलात, तर तो बदलावाच लागतो.

आपल्याकडं ‘मॅनेजर’ हा शब्द वेगळ्या कामाला लागला आहे. आपला मॅनेजर म्हणजे रेल्वेची तिकिटं, जन्मदाखले, बोनाफाईड, प्रवेशिका, जेवणाची कुपनं, शिक्के आणि सह्या. या कामांना मी कमी लेखत नाही. जन्मतारखेच्या एका चुकीनं मुलगी बाद होते, हे मी बघितलं आहे. पण ती फाईल बगलेत धरून माणूस टेबलापाशी उभा असतो, तेव्हा मैदानात पिचरचा हात कोण बघतं? आपल्याकडं मार्गदर्शक म्हणून जे सर असतात, ते बहुतेक वेळा एकटे. बॅटिंगची क्रमवारी, बेसवरच्या मुलींना खुणा, पंचांशी बोलणं, सगळं त्यांच्यावरच. म्हणून माझी नव्या मॅनेजर सरांना पहिली आणि खरं म्हणजे एकच मागणी आहे. चेंडू मोजा. कागदावर मोजा. आणि आकडा झाला की ‘ओव्हर’ म्हणा.

का म्हणते, ते सांगते.

मागच्या हंगामात माझ्या भावाची नात या संघाची पिचर होती. पंधरा वर्षांची, उंच, अंगानं बारीक. पुढच्या घरात राहते, म्हणून ती माझीच नात. परजिल्ह्यात स्पर्धा होत्या. पालकांपैकी कुणाला जमेना, म्हणून मी गेले. माझ्याकडं जुन्या सवयीची एक वही होती. यार्डात पोती मोजताना चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अशी पाचाची जुडी बांधतात. तशाच मी तिच्या चेंडूंच्या रेघा ओढत बसले होते, हौसेनं. तोलाईवाला पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. मीही पहिल्या चेंडूला मनात ‘लाभ’ म्हटलं.

पहिल्या दिवशी बहात्तर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सामन्यात चौऱ्याऐंशी, आणि तो सामना आपण जिंकलो. दुपारी तीनला पुढचा सामना होता. मला वाटलं, आता दुसरी मुलगी टाकेल. पण तीच आली. सकाळी टाकताना तिचं कोपर खांद्याच्या रेषेत येत होतं. दुपारी दुसऱ्या डावापासून ते खाली यायला लागलं. चेंडू उंच जायला लागले आणि बॅटिंग करणारीच्या मागं बसून चेंडू धरणारी कॅचर उभी राहून ते धरू लागली. दोन चेंडूंच्या मध्ये माझी नात हात खाली सोडून झटकायची, हात धुतल्यावर पाणी झटकतात ना, तसा. मग मनगट गोल फिरवायची, घट्ट बांगडी अडकल्यासारखं. मी कुंपणाशी जाऊन विचारलं, दुखतंय का गं? म्हणाली, नाही आजी, काही नाही. मला पेड्रो आठवला. मी सरांकडं गेले. ते म्हणाले, आजी, हिच्याशिवाय आहे कोण? मॅनेजर त्या वेळी दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या कुपनांसाठी रांगेत होते. माणूस वाईट नव्हता. रात्री मुलींना उशा मिळाल्या नाहीत म्हणून भांडून आणणारा माणूस होता तो. पण त्या तासाला त्याची जागा मैदानात होती, आणि तो तिथं नव्हता.

दुपारच्या रेघा भरल्या सदुसष्ट. एका दिवसात एकशे एक्कावन्न. आणि पिचिंग झाल्यावर, कॅचर मुलीचं बोट सुजलं म्हणून, शेवटचे दोन डाव हिलाच कॅचर केलं. कॅचरलाही प्रत्येक चेंडू परत फेकावाच लागतो.

आपण तो सामना हरलो. पहाटे मिरज स्टेशनवर उतरलो, तेव्हा पोरीला स्वतःच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येईना. वेणी सुटली होती, तीही घालता येईना. मी फलाटावरच्या बाकावर बसून तिची वेणी घातली. ती गप्प होती आणि उजवा हात मांडीवर उताणा टाकून बसली होती, दुसऱ्या कुणाचा तरी हात सांभाळायला दिल्यासारखा.

मिरजेच्या डॉक्टरांनी दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढून शेजारी शेजारी लावले आणि मला फरक दाखवला. या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची जागा असते. ती अजून पक्की झालेली नसते, कूर्चाच असते. फेकताना कोपराच्या आतल्या बाजूला सगळा ओढा त्या जागेवर येतो. मोठ्या माणसाचा अस्थिबंध ताणतो, मुलांची ही कोवळी जागाच उकलते. डॉक्टर म्हणाले, तीन महिने फेकायचं नाही. चेंडू काय, रागानं दप्तरसुद्धा नाही. नंतर हळूहळू. पोरीनं डॉक्टरांसमोर मान हलवली आणि रिक्षात बसल्यावर रडली.

आता हे आकडे बघा. अमेरिकेत मेजर लीग ही व्यावसायिक संघांची मोठी लीग आणि त्यांच्या बेसबॉल संघटनेनं मुलांसाठी मर्यादा ठरवून दिल्या आहेत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानं एका दिवसात जास्तीत जास्त 95 चेंडू टाकायचे. आणि 76 किंवा त्याहून जास्त टाकले असतील, तर पुढचे चार दिवस पिचिंग नाही. 61 ते 75 टाकले तर तीन दिवस, 46 ते 60 ला दोन दिवस, 31 ते 45 ला एक दिवस. तीसपर्यंत टाकले तरच दुसऱ्या दिवशी चालतं. लहान मुलांच्या लिटल लीगनं तर 2007 पासून डावांऐवजी चेंडूच मोजायला घेतले, कारण एक डाव आठ चेंडूंतही संपतो आणि चाळीसही खातो. तिथं 41 किंवा जास्त चेंडू टाकलेल्या मुलाला त्या दिवशी कॅचर करता येत नाही. या हिशोबानं आमच्या पोरीनं पहिल्या दिवशीच्या बहात्तरनंतर तीन दिवस चेंडूला हातही लावायला नको होता. दुसऱ्या दिवशी तिनं एकशे एक्कावन्न टाकले आणि वर कॅचर झाली.

आपल्याकडं स्पर्धा तीन-चार दिवसांत उरकतात. ते बदलणं मॅनेजरच्या हातात नाही, हे मला कळतं. म्हणून उपाय एकच. संघात पिचर एक नको, चार हव्यात. आणि त्या स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात घडत नाहीत. जूनपासून घडवाव्या लागतात. चौथी पिचर कच्ची असेल, चेंडू बाहेर टाकेल, दोन धावा जास्त जातील. जाऊ द्या. आपली दुसरी पिचर दोन डाव सांभाळू शकत नसेल, तर तो दोष पहिलीच्या हातावर का काढायचा?

यावर लोक काय म्हणतील, ते मला माहीत आहे, कारण मैदानाच्या कडेला मी ते ऐकलं आहे. म्हणतील, मोठे खेळाडू दुखणं सोसूनच मोठे होतात. 2025 च्या वर्ल्ड सिरीजचं उदाहरण देतील. लॉस एंजेलिस डॉजर्सच्या योशिनोबू यामामोतोनं सहाव्या सामन्यात 96 चेंडू टाकले आणि दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्यात येऊन आणखी 34 टाकून विश्वविजेतेपद मिळवून दिलं. तो सामना मी बघितला. 2 नोव्हेंबरची सकाळ होती, अकराव्या डावापर्यंत चालला, माझा चहा दोनदा गार झाला. पण यामामोतो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, हाडं पक्की झालेला. त्या सामन्यानंतर त्याचा हंगाम संपला, पुढं अख्खा हिवाळा विश्रांती. त्याच्या मागं डॉक्टर, मालिशवाले, हात मोजणारी यंत्रं. आमची पोर परत येऊन दुसऱ्या दिवशी सायकलवरून चाचणी परीक्षेला गेली.

आपल्याच सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरचंही नाव घेतील. 2022 ला बर्मिंगहॅममध्ये दुसऱ्या उचलीला त्याचं कोपर दुखावलं, तरी तो तिसऱ्यांदा बारला हात घालायला आला. सुवर्ण एका किलोनं हुकलं, रौप्य मिळालं. सांगलीतलं कुठलं घर त्या दिवशी टीव्हीसमोर नव्हतं? मीही होते. त्याचं धैर्य मोठंच. पण त्याचं कोपर वाकलं तेव्हा माझ्या पोटात जे झालं, तेही मला आठवतं. तो एकवीस वर्षांचा मुलगा होता आणि राष्ट्रकुल स्पर्धेच्या मंचावर स्वतःचा निर्णय स्वतः घेत होता. आपल्या मुली नववी-दहावीत आहेत. त्यांचा निर्णय मोठ्यांनी घ्यायचा असतो.

उलट बाजूही मला सांगितली पाहिजे, नाहीतर ते प्रामाणिक होणार नाही. नुसता आकडा धरून बसणारा मॅनेजरही चुकतो. 2020 च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात टँपा बे संघाचा पिचर ब्लेक स्नेल अप्रतिम टाकत होता. 73 च चेंडू झाले होते, संघ 1-0 नं पुढं होता. मॅनेजर केविन कॅशनं त्याला काढलं. स्नेलचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. तो सामना डॉजर्सनी 3-1 नं जिंकला आणि सिरीजही. म्हणून सर, 95 ही भिंत आहे, तिच्या पलीकडं जायचंच नाही. पण भिंतीच्या अलीकडं डोळा वापरायचा. कोपर खाली आलं का? चेंडू उंच जायला लागला का? हात झटकते का? दोन चेंडूंमधला वेळ वाढला का? पहिल्या डावात ती कशी टाकत होती, हे नीट बघून ठेवलं असेल, तरच पाचव्या डावातला फरक दिसतो. आणि एखादी मुलगी ऐंशीलाही ताजी असेल, तर घाबरून काढू नका. काढलीत, तर जवळ जाऊन कारण सांगा. रागावून काढलं असं तिला वाटलं, तर पुढच्या वेळी ती दुखणं लपवेल.

त्या लपवण्याबद्दल अजून थोडं. आमच्या पोरीला मी नंतर विचारलं, खरं का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी निवडलं नसतं. पंधरा वर्षांच्या मुलीनं हा हिशोब मांडला होता. सर, पहिल्या सरावालाच सगळ्या मुलींना एकत्र बसवून सांगा की दुखतंय असं जी सांगेल तिची जागा जाणार नाही. आणि मग ते पाळून दाखवा. एकदा पाळलंत की पुढं तुम्हाला विचारावं लागणार नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. तहान नसते म्हणून नव्हे. मैदानावर मुलींसाठी स्वच्छतागृह नसतं, असलं तर कुलूप असतं, कुलूप नसलं तर कडी नसते. म्हणून त्या सकाळी घोटभर पितात आणि दुपारी उन्हात उभ्या राहतात. मी त्या दोन दिवसांत मुलींच्या बाटल्या बघितल्या, दुपारी दोनला त्या भरलेल्याच होत्या. मॅनेजर पुरुष असेल, तर त्याला हे कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगते. मैदानावर पोहोचल्यावर मैदान बघायच्या आधी स्वच्छतागृह बघा, किल्ली कुणाकडं आहे ते विचारा. संघाच्या किटमध्ये पॅड असू द्या आणि ते मागावे लागणार नाहीत अशा कप्प्यात असू द्या. बरोबर जाणाऱ्या बाईंना खरंच मैदानावर बसवा, खोलीवर सामान राखायला नको. बेसवर घसरायच्या वेळी कच खाणारी मुलगी घाबरट असते असं नाही, त्या दिवशी तिची अडचण असू शकते.

ग्लव्हचंही बोलते. संघात एक डावखुरी मुलगी आहे, जत तालुक्यातली, पहिल्या बेसवर खेळते. डाव्या हातानं फेकणाऱ्याचा ग्लव्ह उजव्या हातात घालायचा असतो, तो वेगळा मिळतो. किटमध्ये तसा एकही नव्हता. ती उजवखुऱ्यांचा ग्लव्ह उलटा घालून खेळत होती. अंगठ्याच्या जागी करंगळी जायची आणि चेंडू ग्लव्हच्या टोकावर बसायचा. दोन झेल सुटले, त्यावर ओरडाही खाल्ला. चांगला ग्लव्ह स्वस्त नसतो, हे मी दुकानात विचारून आले आहे. तो मी घेऊन देते. बिल तेवढं संघाच्या नावानं करा, म्हणजे तो किटमध्ये राहील आणि तिच्यानंतरच्या डावखुरीलाही मिळेल.

त्यावरून निवडीचं सुचलं. जत, आटपाडी, शिराळा इकडून मुली चाचणीला येतात त्या पहाटेच्या एसटीनं, आणि चाचणी सकाळी सातला ठेवली की उशीर झाला म्हणून बाद होतात. दहाला ठेवा. सचिन खिलारी आटपाडी तालुक्यातलेच. पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 16.32 मीटर गोळा फेकून रौप्य आणलं. फेकणारे हात तिकडंही आहेत.

आणखी एक. आपल्या बऱ्याच मुली सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळतात. सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा आणि पिचिंग खालून, हात गोल फिरवून. बेसबॉलचं वरून. सॉफ्टबॉलच्या स्पर्धेहून परत आलेल्या मुलीला चार दिवसांत बेसबॉलच्या माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, उभं करू नका, हात वेगळ्या सवयीत असतो. आणि दोन्हीकडचे चेंडू एकाच वहीत लिहा. हात एकच आहे.

जिंकण्या-हरण्याबद्दल माझं फार म्हणणं नाही. त्याच 2 नोव्हेंबरला, सकाळी डॉजर्स जिंकले, आणि रात्री नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. स्मृती उपकर्णधार. सांगलीत फटाके कितीपर्यंत वाजत होते, ते तुमच्याच अंकात आलं असणार. त्याआधी त्या संघानं साखळीत लागोपाठ तीन सामने गमावले होते. प्रशिक्षक अमोल मुजुमदार स्वतः भारतासाठी कधी खेळले नाहीत, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा करूनही. त्यांच्यावर लोक काय काय बोलले, मी नातवाकडून ऐकलं. पण त्या मुली घाबरलेल्या दिसल्या नाहीत. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या 338 चा पाठलाग केला. हरलेल्या सामन्यानंतरच्या रात्री आपल्या बेसबॉलच्या मुलींशी कुणी काय बोललं, हे मला महत्त्वाचं वाटतं. मागच्या वर्षी त्या रात्री कुणीच बोललं नाही. जेवणाची ताटं वाजत होती तेवढीच.

आणि आम्हा बघणाऱ्यांबद्दल. कुंपणाशी उभे राहून ‘काढ हिला, टाक तिला’ असं ओरडणारे काका, मामा, भाऊ दरवर्षी असतात. सर, पहिल्याच सामन्याला आम्हाला नम्रपणे पंचवीस पावलं मागं पाठवा. मलाही पाठवा. मी गेल्या वर्षी कुंपणाशी गेले, कारण दुसरं कुणी जात नव्हतं. तुम्ही तिथं असाल, तर मला जायचं कारण नाही.

माझ्या नातीचा हात आता सरळ होतो. डॉक्टरांनी तीस फुटांवरून हलके चेंडू टाकायला सांगितले आहेत, दिवसाआड पंचवीस. संध्याकाळी आमच्या बोळात ती टाकते, समोर तिचा भाऊ ग्लव्ह घेऊन बसतो आणि मी उंबऱ्यावर वही घेऊन. पंचवीस झाले की मी ‘ओव्हर’ म्हणते. पहिल्या आठवड्यात ती ‘अजून पाच, आजी’ म्हणायची. आता म्हणत नाही. चेंडू भावाकडं टाकते आणि माझ्याजवळ येऊन रेघा मोजते.

मी दोनशे पानी एक नवी वही आणली आहे. प्रत्येक पानावर वरती मुलीचं नाव, तारीख आणि सामना लिहायला जागा आखली आहे. बाजूला वर दिलेले आकडे मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत, म्हणजे चष्मा नसला तरी दिसतील. मॅनेजर सर, शनिवारी सराव कुठं आहे तेवढं नातीकडं निरोप ठेवा. मी वही आणि ग्लव्ह दोन्ही घेऊन येते.

आपली नम्र,
एक वाचक आजी,
गावभाग, सांगली